मांडवाला जागा कोणी दिली?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे एकाच विषयाची निघाली. वीस मार्चचा महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचा स्मृतिदिन आणि बावीस मार्चचा जागतिक जलदिन यांच्या निमित्ताने पाणी, कचरा आणि वस्त्यांचे हक्क यांवर मेळावे भरवू पाहणारी मंडळे, त्यांना मदत करू इच्छिणारे व्यावसायिक आणि अशा मेळाव्यांना वर्षानुवर्षे बोलावली जाणारी कष्टकरी माणसे यांची ती पत्रे आहेत. म्हणून या अंकातील सदर आम्ही त्यांच्यासाठीच राखले आहे. पत्रे थोडी आटोपशीर केली आहेत आणि लिहिणाऱ्यांच्या विनंतीवरून नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या तालुक्याच्या गावी दोन तरुण मंडळे, तीन महिला बचत गट आणि एक वाचनालय मिळून आम्ही एक दिवसाचा मेळावा घेत आहोत. ओढ्याकाठच्या वस्त्यांना मिळणारे अपुरे पाणी आणि त्यांच्याच दाराशी येऊन पडणारा साऱ्या गावाचा कचरा हा मेळाव्याचा विषय आहे. पेठेत वर्गणीसाठी गेलो की दुकानदार आधी विचारतात, ‘फलकावर नाव कुठे येणार?’ आणि मग विचारतात, ‘यात राजकारण नाही ना?’ त्यांना काय सांगावे आणि कोणाकडे काय मागावे?
— एक कार्यकर्ता, सातारा जिल्हा

उत्तर : पेठेतला माणूस नावाचा प्रश्न काढतो म्हणून त्याच्यावर रुसू नका. गणेशोत्सव असो, यात्रेतले कुस्त्यांचे मैदान असो किंवा क्रिकेटचे सामने असोत, वर्गणी दिली की कमानीवर नाव झळकते हा व्यवहार त्याच्या अंगवळणी पडला आहे आणि तो पाडण्यात आपल्या सगळ्यांचा हात आहे. मात्र न्यायाच्या प्रश्नावर भरणाऱ्या मेळाव्याला गावातून मिळणाऱ्या मदतीचे मोल निराळे असते. ते समजावून सांगायचे तर महाडच्या परिषदांची हकिगत त्याच्यापुढे ठेवा.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला आणि सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी व धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या झाल्याचे जाहीर झाले. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये त्याला अनुसरून चवदार तळे खुले करण्याचा ठराव केला. कागद तयार झाला, परंतु तळ्यावर जाण्याची मुभा प्रत्यक्षात कोणाला मिळाली नाही. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली, तेव्हा परिषदेला आलेल्या लोकांना पिण्याचे पाणी सवर्णांकडून चाळीस रुपये मोजून विकत घ्यावे लागले. भर गावात तळे असताना परिषदेच्या खर्चात पाण्याचे चाळीस रुपये मांडावे लागतात, यात त्या परिषदेचा सारा विषय आला. दुसरी बाजूही तेव्हा उभी राहिली होती. नगराध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे, गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे अशी सवर्ण समाजातील मंडळी उघडपणे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बाजूने आली. डिसेंबर १९२७ च्या सत्याग्रह परिषदेच्या वेळी तर व्यापाऱ्यांनी माल देण्याचे नाकारले, धान्य बाहेरून आणावे लागले आणि मांडव घालायला कोणी जागा देईना. तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जागा दिली. आज जवळजवळ शंभर वर्षांनीही महाडची हकिगत सांगताना मांडवाला जागा कोणी दिली हे आवर्जून सांगितले जाते. तुमच्या पेठेतील दुकानदाराला हे सांगून पाहा. ‘फलकावर नाव कुठे’ या प्रश्नाचे उत्तर त्याचे त्यालाच मिळेल.

आता काय मागावे. पैसा शेवटी मागा आणि आधी गरजांची यादी करा. मांडववाल्याकडे सतरंज्या आणि दोन कनाती, छापखान्याकडे पाचशे पत्रके, टेंपोवाल्याकडे सकाळची एक आणि संध्याकाळची एक फेरी, औषधाच्या दुकानाकडे प्रथमोपचाराची पेटी, किराणावाल्याकडे तांदूळ आणि तूरडाळ, असे ज्याच्या हाताशी जे आहे ते त्याच्याकडे मागितले की नकार कमी येतात आणि देणारा त्या दिवशी स्वतः येऊन उभा राहण्याची शक्यता वाढते. पाचशे रुपयांची पावती फाडून घेणारा दुकानदार मेळाव्याला येतोच असे नाही. आपल्या सतरंज्या नीट अंथरल्या का हे पाहायला मांडववाला मात्र येतो, आणि आला की दोन भाषणे ऐकतो.

राजकारणाच्या प्रश्नाला खरे उत्तर द्या. कोणत्या गल्लीला दीड तास पाणी येते आणि कोणत्या वस्तीला वीस मिनिटे, हे ठरवणे राजकारणच आहे; मात्र मेळावा कोणत्याही पक्षाचा नाही आणि मंचावर कोणत्याही पक्षाचा झेंडा लागणार नाही, एवढे तुम्ही लेखी देऊ शकता आणि ते द्यावेही.

एक सूचना अनुभवातून करतो. काही वर्षांपूर्वी पाणीप्रश्नावरील एका सभेला मी गेलो होतो. प्रमुख वक्ते बोलायला उभे राहिले आणि दहाच मिनिटांत मांडवाच्या मागच्या बाजूच्या निम्म्या बायका उठून गेल्या. संयोजक खट्टू झाले. वस्तीच्या नळाला पाणी आले होते आणि ते अर्ध्या तासात जाणार होते. परत येताना एका बाईच्या कमरेवर भरलेली कळशी तशीच होती. ती घरी ठेवून यायला वेळ नव्हता, म्हणून तिने ती मंचाच्या कोपऱ्याशी टेकवली आणि म्हणाली, ‘पाण्याची सभा पाण्याच्याच वेळेला का हो ठेवलीत?’ सभेची वेळ ठरवताना वस्तीतल्या एकाही बाईला विचारलेले नव्हते. तुमच्या समितीतील तीन बचत गटांच्या सदस्या त्या ओढ्याकाठी राहतात की नाही, हे तुम्ही लिहिलेले नाही. राहत नसतील तर वर्गणीच्या आधी ते काम करा.

प्रश्न : माझे चहा-नाश्त्याचे हॉटेल आहे. अशाच एका मेळाव्यासाठी तीनशे माणसांचा चहा आणि पोहे माझ्याकडून द्यावेत अशी इच्छा आहे. कागदी कप चालतील का? स्टीलचे पेले धुवायला माणसे लागतात.
— एक हॉटेल व्यावसायिक, अहिल्यानगर

उत्तर : कागदी कपाच्या आत प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, त्यामुळे तो ना धड रद्दीत जातो ना मातीत कुजतो. तुमच्या चहाचे तीनशे कप संध्याकाळी ज्या ढिगात जातील तो ढीग बहुधा मेळाव्याचा विषय असलेल्या वस्तीच्याच शेजारी असेल. शंभर पेले असतील तर तीन पाळ्यांत चहा होतो. पेले समाजमंदिरातून किंवा बचत गटाच्या भांड्यांतून भाड्याने मिळतात. साबणाच्या पाण्याचा एक टब, साध्या पाण्याचे दोन टब आणि धुणाऱ्या दोन बायकांची दिवसाची मजुरी एवढा हिशेब धरा आणि ती मजुरीही तुमच्याच देणगीत मोजा. जमल्यास दुसऱ्या दिवसापासून आपल्या गल्ल्यासमोरही तेच पेले ठेवा. तीनशे माणसांच्या चहापेक्षाही ती मदत मोठी होईल.

प्रश्न : पंचगंगेच्या प्रदूषणावर आणि काठच्या गावांच्या पाण्याच्या हक्कावर आम्ही परिषद घेत आहोत. कापडावर प्रक्रिया करणाऱ्या एका कारखान्याने मांडव, जेवण आणि दोनशे टी-शर्ट असा सगळा खर्च उचलण्याची तयारी दाखवली आहे. टी-शर्टवर कारखान्याचे नाव हवे आणि मालकांना व्यासपीठावर जागा हवी, एवढीच त्यांची अपेक्षा आहे. समितीत दोन तट पडले आहेत. निम्मे म्हणतात, ज्यांनी बिघडवले त्यांनीच भरावे. निम्मे म्हणतात, त्यांचा पैसा शिवायचा नाही.
— एक शिक्षिका, इचलकरंजी

उत्तर : दोन्ही तटांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण या परिषदेसाठी पैसा घेऊ नये असे आमचे स्पष्ट मत आहे.

नदी बिघडवणाऱ्याने भरपाई द्यावी हे तत्त्व योग्यच आहे. मात्र ती भरपाई काठच्या गावांना मिळायला हवी आणि ती किती हे कायद्याने, मोजमापाने ठरायला हवे. कारखान्याने तुमच्या मांडवाचा खर्च केला म्हणून शिरोळ तालुक्यातील कोणाच्या घरी स्वच्छ पाणी जात नाही. पंचगंगा प्रयाग चिखलीपासून निघते, कोल्हापूर आणि इचलकरंजीवरून जाते आणि नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. वरच्या अंगाला शहरे, गिरण्या, साखर कारखाने. खालच्या अंगाला ते पाणी उचलणारी गावे. वरच्यांनी सोडायचे आणि खालच्यांनी प्यायचे, ही वाटणी कोणी विचारून केलेली नाही. २०१२ साली तुमच्याच शहरात काविळीची साथ आली होती, तेव्हा घराघरांत काय घडले हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. अशा परिषदेत खालच्या गावातील शेतकरी उभा राहून बोलत असताना समोर बसलेल्या दोनशे जणांच्या छातीवर कारखान्याचे नाव असेल, तर तो काय बोलेल आणि काय गिळून टाकेल, याचा विचार करा. एकाच हातून सगळा खर्च आला की परिषदेची जीभ त्या हाताकडे गहाण पडते, मग तो हात कितीही स्वच्छ असो.

याच संदर्भात ‘सीएसआर’चाही उल्लेख होईल, म्हणून सांगतो. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार सामाजिक उत्तरदायित्वाचा खर्च ज्यांच्यावर बंधनकारक आहे त्या कंपन्या मोठ्या असतात : निव्वळ मालमत्ता पाचशे कोटी, उलाढाल एक हजार कोटी किंवा निव्वळ नफा पाच कोटी, यांपैकी एक तरी मर्यादा त्यांनी गाठलेली असावी लागते. शिवाय जून २०१४ मध्ये कंपनी व्यवहार मंत्रालयाने परिपत्रक काढून मॅरेथॉन, पुरस्कार, जाहिराती, प्रायोजकत्व अशा एकवेळच्या कार्यक्रमांवरील खर्च या सदरात धरता येणार नाही असे स्पष्ट केले, आणि आपल्या मालाच्या प्रसिद्धीसाठी दिलेले प्रायोजकत्व तर नियमांनीच वगळले आहे. म्हणजे टी-शर्टवरील नाव ही कायद्याच्या नजरेतही जाहिरातच आहे.

मालकांना मात्र परतवून लावू नका. त्यांना निमंत्रण द्या आणि बोलण्याची वेळही द्या, पण उत्तर देणारे म्हणून. १९७४ च्या पाणी प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण अधिनियमाखाली प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून घेतलेले संमतीपत्र, सांडपाण्याच्या तपासणीचे अलीकडचे अहवाल आणि सामूहिक प्रक्रिया केंद्राकडे रोज किती पाणी जाते याची नोंद, एवढे कागद त्यांनी परिषदेत वाचून दाखवावेत. जो कारखानदार हे करील त्याने परिषदेला सगळ्यांत मोठी देणगी दिली असे आम्ही मानू. नगरपालिकांनाही हाच प्रश्न विचारा, कारण नदीत जाणारे मैलापाणी कारखान्यांचे नसते.

आणि त्या कारखान्यांतील कामगारांना विसरू नका. रंगाच्या हौदाशी उघड्या हातांनी उभा राहणारा कामगार आणि खालच्या गावात तेच पाणी उपसणारा शेतकरी एका मांडवात शेजारी बसले, तर ‘कारखाने बंद करायला निघालेत’ ही आवई आपोआप विरते. तुमच्या शहरात यंत्रमागावरील माणसांच्या चहाच्या टपऱ्या, खानावळी, सुताची आणि सुट्या भागांची दुकाने शेकड्यांनी आहेत. प्रत्येकी शंभर रुपये आणि त्याची पावती, असा मार्ग घ्या. मांडव थोडा लहान होईल, जेवणात पोळी-भाजीऐवजी झुणका-भाकर येईल, टी-शर्ट येणार नाहीत. त्यावाचून काही अडत नाही.

प्रश्न : माझी आई कचरावेचक आहे. दरवर्षी पर्यावरणाच्या कार्यक्रमांना तिला आणि तिच्या मैत्रिणींना बोलावतात, शाल-श्रीफळ देतात, फोटो काढतात. तिचा त्या दिवसाचा रोज बुडतो. यंदा ‘जाणार नाही’ म्हणते. तिला मी समजवावे की तिचेच बरोबर आहे?
— एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : आईचे बरोबर आहे. तिला समजावण्याऐवजी हे पत्र संयोजकांना दाखवा.

ज्या शहरात तुम्ही राहता त्या शहरात कचरावेचकांनी सत्कारापलीकडचे बरेच काही मिळवले आहे आणि ते संघटनेच्या बळावर मिळवले आहे. १९९३ साली पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढशिक्षणाच्या कामातून पुढे आलेल्या कार्यकर्त्या आणि हमाल पंचायतीचे डॉ. बाबा आढाव यांचा आधार तिला होता. कचरा वेचणे हे काम आहे आणि ते करणाऱ्या बायका कामगार आहेत, एवढे एक वाक्य मान्य करून घेण्यासाठी त्यांनी वर्षे खर्ची घातली; मग ओळखपत्रे आली, महापालिकेने विम्याचे हप्ते भरले, आणि पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांच्या स्वतःच्या मालकीची सहकारी संस्था उभी राहून तिने २००८ मध्ये पुणे महापालिकेशी घरोघरच्या कचरा संकलनाचा करार केला. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत कचरावेचकांना मान्यता मिळाली, त्यामागे अशा लढ्यांचे बळ आहे.

स्थानिक व्यवसायाने अशा कामाला कशी मदत करावी, याचे उदाहरणही याच बायकांनी घालून दिले आहे. वापरलेले सॅनिटरी पॅड उघडेच कचऱ्यात येतात आणि ते हाताने वेगळे करावे लागतात. २०१३ साली कचरावेचकांनी असे पॅड पिशव्यांत भरून थेट उत्पादक कंपन्यांकडे परत पाठवले. पुढच्या नियमांत पॅडसोबत विल्हेवाटीचे वेष्टन देण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली गेली. २०१७ मध्ये ‘लाल ठिपका’ मोहीम सुरू झाली : वापरलेला पॅड कागदात गुंडाळायचा आणि वर लाल ठिपका काढायचा, म्हणजे हात लावण्याआधीच आत काय आहे ते कळते. पॅड गुंडाळण्यासाठी जुन्या वर्तमानपत्राच्या छोट्या पिशव्याही कचरावेचक बायकांनी बनवल्या आणि विकल्या. तुमच्या गल्लीतील औषधाच्या दुकानाने प्रत्येक पाकिटासोबत अशी एक पिशवी दिली आणि गल्ल्याशेजारी लाल शाईचे पेन दोरीने बांधून ठेवले, तर आईच्या हातांचे रोज रक्षण होईल. कमानीवर नाव लावायला तो दुकानदार जेवढे पैसे देतो, त्यापेक्षा यात खर्च कमी आहे.

संयोजकांनी करायच्या गोष्टी आईच्या तोंडून त्यांना सांगा. तयारीच्या समितीत कचरावेचक बायका असाव्यात आणि बैठक त्यांच्या कामाच्या वेळेनंतर व्हावी. मेळाव्याच्या दिवशी येणाऱ्या प्रत्येकीचा बुडालेला रोज अंदाजपत्रकात पहिल्या ओळीत धरलेला असावा. वक्त्यांच्या प्रवासखर्चाची तरतूद होते, मग याची का होऊ नये? बोलायची वेळ सत्काराच्या आधी मिळावी. आणि फोटो विचारून काढावा. एवढे मान्य झाले तर आईने जावे, आणि शालीऐवजी हातमोजे मागावेत.

प्रश्न : आमच्या कृती समितीची नोंदणी नाही. मेळाव्यासाठी दुकानदारांकडून वर्गणी घेता येईल का? पावती, हिशेब आणि उरलेल्या पैशाचे काय करावे?
— एक खजिनदार, नाशिक

उत्तर : नोंदणी नसलेल्या मंडळांनी धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करायची असल्यास महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० च्या कलम ४१-क खाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. गणेश मंडळे दरवर्षी घेतात तीच ही परवानगी आहे. ते जमत नसल्यास समितीत सामील असलेल्या एखाद्या नोंदणीकृत संस्थेच्या पावतीपुस्तकावर आणि बँक खात्यावर सगळा व्यवहार करा. देणगीदाराला आयकरात देणगीवरील सवलत हवी असेल तर त्या संस्थेला तशी मान्यता असावी लागते, आणि दोन हजार रुपयांवरील देणगी रोखीने घेतल्यास ती सवलत मिळत नाही. ध्वनिक्षेपकाची परवानगी पोलिसांकडून वेगळी घ्या आणि रात्री दहानंतर तो वाजवू नका.

वस्तूंच्या देणगीचीही पावती द्या, अगदी दहा किलो तांदूळ असले तरी. जमाखर्चाची वही मेळाव्याच्या प्रवेशद्वाराशी टेबलावर उघडी ठेवा आणि समारोपाच्या आधी आकडे मोठ्याने वाचा. खजिनदाराला हे पहिल्या वेळी अवघड वाटते, पण पुढच्या वर्षी पेठेत त्याच्या हाती आपणहून पैसे ठेवले जातात.

उरलेल्या पैशाची सहल किंवा श्रमपरिहाराचे जेवण करू नका. महाडचे तळे ठरावाने खुले झाले होते १९२४ मध्ये. त्यावरचा दावा चालून मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागला तो १७ मार्च १९३७ रोजी. मेळावा एका दिवसात आटोपतो, अर्ज आणि पाठपुरावा वर्षभर चालतो. माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात, उत्तर तीस दिवसांत यायला हवे, न आल्यास अपील करावे लागते. शिवाय छायाप्रती, पाण्याच्या नमुन्याची तपासणी आणि महापालिकेत जाण्या-येण्याचे भाडे आहेच. उरलेली रक्कम त्याच खात्यात ठेवा आणि तिच्या खर्चाला संमती देण्याचा अधिकार वस्तीतील तीन जणांकडे द्या, त्यांतल्या दोघी बायका असाव्यात. ठरावाची प्रत वर्गणी देणाऱ्या प्रत्येक दुकानात पोहोचवा. पुढच्या मार्चमध्ये पावतीपुस्तक घेऊन जाल, तेव्हा गेल्या वर्षीच्या अर्जांना कोणती उत्तरे आली हे त्यांना आधी वाचून दाखवा.